एमजीबीचं इंजिन परत बसवताना

ऑक्सफर्डजवळच्या आमच्या गॅरेजात १९६७ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, अडीच वर्षं इंजिनाशिवाय उभी होती. पत्र्याचं काम झालं, रंग झाला, ब्लॉक आणि क्रँक वर्कशॉपमधून होऊन आले. गाडी तयार झाली ती इथून जवळच, अ‍ॅबिंग्डनला. पण मला ती घरची वाटते त्याचं कारण वेगळं. आपल्या अँबॅसिडरला बरीच वर्षं जे १४८९ सी.सी.चं पेट्रोल इंजिन होतं, ते बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी सिरीजचं. एमजीबीचं १७९८ सी.सी. त्याच घराण्यातलं. कोल्हापूरला माझ्या मामांनी उभी हयात अँबॅसिडरची इंजिनं खोलण्यात घालवली. त्यामुळे शनिवारी फोन स्टुलावर उभा करायचा आणि पलीकडे मामांना बसवायचं, हे ठरलेलं.

एमजीबीत इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेरच जोडून दोन्ही एकदम आत सोडणं सोपं पडतं. मी तिथंच अडलो. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटच्या खाचांतून पुढे क्रँकच्या टोकाच्या बुशमध्ये (धातूच्या छोट्या नळीत) शिरायला हवा. माझा गिअरबॉक्स ब्लॉकपासून अर्धा इंच अलीकडे थांबला. लांब बोल्ट हाताशी होते. चहूबाजूंनी आवळत नेलं तर बसेल, असं वाटलं. मामा फोनवरूनच ओरडले, “बोल्टानं वढू नगंस! प्लेट वाकंल, बुश जाईल. काढ परत.”

काढला. प्लेट मधोमध धरायला मी वापरलेला प्लॅस्टिकचा डमी शाफ्ट बुशमध्ये किंचित सैल होता, त्यामुळे प्लेट केसभर खाली बसली होती. मामा या कामाला जुन्या गिअरबॉक्सचा खरा शाफ्ट वापरायचे. माझ्याकडे तो नव्हता. मग डमीच्या टोकाला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले. तो बुशमध्ये घट्ट बसल्यावरच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. गिअरबॉक्स टॉप गिअरमध्ये टाकला. बायकोनं खालचा जॅक सांभाळला आणि मी गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाची फ्लँज (चकती) अगदी सावकाश फिरवत राहिलो. खाचा जुळल्या की हाताला कळतं, फ्लँज एकदम जड लागते. मग नुसत्या तळहाताच्या रेट्यानं ती अर्ध्या इंचाची फट मिटली. त्या क्षणी मला भरून आलं होतं.

आत सोडायला दोन तास लागले. रेडिएटर काढलेला, नव्या रंगावर गोधड्या टाकलेल्या. गिअरबॉक्सचं शेपूट खाली कलवून गाडीच्या मधल्या बोगद्यात घालायचं, मग इंजिन हळूहळू आडवं करत न्यायचं. इथं क्रेनवर एक माणूस हवाच, एकट्यानं करू नये.

वायरिंगला मात्र मी पूर्ण दिवस दिला. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, आणि सीटमागं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. आपल्या हाताला निगेटिव्ह अर्थची सवय, म्हणून प्रत्येक जोड दोनदा तपासला.

सुरू करण्याआधी प्लग काढून नुसता सेल्फ मारला. नव्या बेअरिंगांना तेल पोचल्याशिवाय ठिणगी द्यायची नाही, हे मामांनी बजावलं होतं. ऑइल प्रेशरचा काटा बराच वेळ हलेना. मग थरथरला आणि वर सरकला. प्लग लावले, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२ बोटावर मोजली, ठिणगीचं टायमिंग दहा अंशांवर होतंच. तिसऱ्या सेल्फला इंजिन धरलं. नवा कॅमशाफ्ट होता, म्हणून आयडलवर न सोडता दोन हजार आरपीएमवर वीस मिनिटं चालवलं.

बंद केल्यावर मामा म्हणाले, “एक टॅपेट सैल हाय. उद्या थंड इंजिनावर बघ. नऊचा हिशेब ठाऊक हाय न्हवं?”

ठाऊक होता. टॅपेट सैल म्हणजे व्हॉल्व्हची फट जास्त, आणि या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दबला की पहिला तपासायचा, सातवा दबला की दुसरा. बेरीज नऊ यायला हवी. सकाळी सहावा दाबून तिसऱ्यात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. हवी होती पंधरा थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट, तिथं अठराची पट्टी सहज गेली. पंधराची पट्टी थोडी धरून सरकेपर्यंत स्क्रू फिरवला, नट आवळला, पुन्हा एकदा तपासलं आणि कोल्हापूरला फोन लावला.