सुतार कपाटाची दारं घेऊन गेला, तो गेलाच

मुख्य दाराला लागूनच आमचं एक भिंतीतलं कपाट आहे. बंद पडलेला पंखा, जुनी सूटकेस, कशाकशाचे रिकामे खोके असा सगळा ऐवज त्यात सुखाने नांदत होता. रोज लागणाऱ्या चपला, दप्तरं, हेल्मेट आणि छत्र्या मात्र बाहेर दाराशी लोळत असायच्या. हे उलटं करायचं मी ठरवलं.

कपाट रिकामं करण्यात, मापं घेण्यात काही वेळ गेला नाही. आतली खोली 18 इंच निघाली. कपड्यांचा हँगर साधारण 17 इंच रुंद असतो, त्यावर जाड जॅकेट चढलं की दार लागायला 22 इंच तरी हवेत. त्यामुळे आडवी दांडी काढून हुक लावायचे, हे तिथेच ठरून गेलं.

गाडी अडली दारांवर. कपाटाची दारं उघडली की मुख्य दार अर्धंच उघडायचं. एकजण बूट काढतोय तोवर दुसऱ्याने बाहेर ताटकळायचं. सुतार म्हणाला, सरकती दारं करू. पण दोन पल्ल्यांत एका वेळी अर्धंच कपाट उघडं राहतं, शिवाय दोन्ही पल्ल्यांची जाडी त्या 18 इंचांतूनच जाणार. मी म्हटलं, दारंच काढा. सासूबाईंना ते पटेना. "आल्या-गेल्याला आपल्या चपला दाखवायच्या का?" शेवटी चपलांच्या कप्प्यांना पडदा आणि वर बसायला फळी, यावर तह झाला. फळी त्या काढलेल्या दारांच्याच प्लायची करायची.

सुतार म्हणाला, "ताई, दारं घेऊन जातो. मशीनवर कापून, कडेला पट्टी मारून उद्या आणतो."

मग काय विचारता! फोन केला की "निघालोच", तासाभराने फोन बंद. एकदा मशीन बिघडलं, एकदा पट्टीचा रंग मिळेना, एकदा तर "तुमच्याच कामाला बसलोय" म्हणाला आणि मागे चहाच्या गप्पा ऐकू येत होत्या. इकडे कपाट उघडं, चपला हॉलमध्ये, आणि चौकटीला राहिलेल्या बिजागऱ्यांच्या लोखंडी बाह्यांत दप्तराचे पट्टे अडकतायत. नवरा आपला "येईल गं" म्हणून मोकळा. मला मात्र ती चौकट बघितली की डोकं उठायचं.

आला तेव्हा फळी घेऊन आला खरा, पण उलटी बसवायला निघाला. बिजागरीची 35 मिलिमीटरची गोल भोकं वर! म्हणे, "वर गादी येणारच आहे." मी समोर उभं राहून फळी उलटी करून घेतली.

म्हणून सांगते, माल घराबाहेर जाऊ देऊ नका. भुसा उडेल, घर झाडावं लागेल, पण कापाकापी डोळ्यांसमोर होऊ दे. आणि फळी बसेपर्यंत हिशोब पूर्ण करू नका. माझ्याकडे देणं बाकी होतं म्हणूनच तो परत आला, अशी माझी खात्री आहे.

बसायची उंची गादी धरून 17-18 इंच ठेवा, बूट घालताना गुडघे पोटात जात नाहीत. चपलांच्या कप्प्याला 12-13 इंच खोली पुरते. दोन फळ्यांमध्ये 6-7 इंच सोडा, उंच बुटांसाठी एखादा कप्पा मोठा. फळ्या मागच्या बाजूला भिंतीपर्यंत भिडवू नका, इंचभर फट असली की हवा खेळते. ओले बूट तरीही आत ठेवायचे नाहीतच.

हो, हुकांचं राहिलं. कपाटाची पाठ बहुधा 6 मिलिमीटरच्या प्लायची असते, तिच्यात स्क्रू धरत नाही. दोन दप्तरं लटकली की हुक हातात येतो. आधी जाड लाकडी पट्टी पाठीतून आरपार भिंतीत प्लग ठोकून बसवा, मग तिच्यावर हुक. मुलांची ओळ साडेतीन फुटांवर घ्या, नाहीतर दप्तर जमिनीवरच.

बसायची फळी तीन फुटांहून लांब असेल तर मध्ये एक उभा आधार मागा. आमचा सुतार "गरज नाही" म्हणत होता. मी म्हटलं, मग आधी तुम्ही बसून दाखवा. मुकाट्याने आधार लावला.