चोरकप्पा कुणाला दिसलाच नाही

बाबांनी मी केलेला डबा हातात घेतला, झाकण उघडलं, मिटलं, "पॉलिश मस्त बसलंय रे" म्हणाले आणि गोळ्यांची पाकिटं आत टाकून मोकळे झाले. बस, एवढंच. दुपारपासून काहीतरी टोचतंय.

सगळा जीव त्या तळात ओतलेला. वरून साधा सागवानी डबा, पण तळ दुहेरी आहे आणि खालची पट्टी पितळेच्या एका बारीक सळईने अडवलेली. सळई तिरक्या भोकात उतरून बसते, डबा डाव्या कुशीवर आडवा केला की आपल्याच वजनाने मागे जाते, मग पट्टी दोन सूत, म्हणजे पाव इंच, सरकते आणि चोरकप्पा मोकळा होतो. स्प्रिंग नाही, मॅग्नेट नाही. भोक जरा खरबरीत राहिलं तर सळई अडकणार, जरा सैल झालं तर डबा हलवला की आत टिकटिक वाजणार आणि गुपित फुटणार. सांधा लाकडाच्या रेषेतच बसवलाय, नखाला पण लागत नाही. कुणाला दिसू नये म्हणूनच केलं ना हे सगळं? मग नाही दिसलं तर एवढं वाईट का वाटतंय.

जपानात हाकोनेला असे डबे करतात, हिमित्सु-बाको, 19व्या शतकापासून. वर रंगीबेरंगी लाकडांची नक्षी, सरकत्या पट्ट्यांच्या फटी त्या नक्षीतच जिरतात. पण तिथे विकतानाच सांगतात की हा 10 चालींत उघडतो, हा 21 चालींत. म्हणजे आत काहीतरी आहे हे घेणाऱ्याला आधीच माहीत, तो शोधतो, थकतो, मग वाहवा करतो. माझ्या डब्यात शोधायचंय हेच कुणाला माहीत नाही. आई असती तर... जाऊ दे.

पण जुन्या पेट्यांना चोरकप्पे करणाऱ्या सुतारांना तरी कोण शाबासकी द्यायला येत होतं, चोर हात हलवत परत गेला की तीच कामाची पावती. आणि बाबांची नजर कसली आहे ते घरात सगळ्यांना माहितीये, चौकटीतला अर्ध्या सुताचा फरक लांबून ओळखतात. त्यांनी तळावरून अंगठा फिरवला होता, मी बघत होतो, सांध्यावरून सरळ पुढे गेला, अडखळला नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय आणि खरं सांगतो, बरं वाटतंय.

इतक्यात कुणाला सांगणार नाही. खरी काळजी पावसाळ्याची. लाकूड लांबीत फुगत नाही, रुंदीत फुगतं, म्हणून पट्टीच्या दोन्ही कडांना कागदाएवढी फट ठेवलीये आणि मेण चोळलंय. पुरतंय का ते जुलैत कळेल.