सावली येईल तिथं

परवा दुपारी तीनच्या सुमारास पेपर तपासून बाहेर आलो तर माझी गाडी आडवी. नुसती माझी नाही, माझी पडली ती शेजारच्या स्कूटीवर, स्कूटी पुढच्या प्लॅटिनावर, अशा सात गाड्या एकमेकींच्या अंगावर मान टाकून पडलेल्या, लग्नात पंगत उठल्यावर मांडवातच माणसं लवंडतात ना तशा. वॉचमन मामा निंबाखाली खुर्चीत बसलेला, तो उठला पण नाही. म्हणे, "सर, तुमनी गाडीच पहिले पडनी, मी देखं."

देखं तर देखं. सगळ्या उचलल्या दोघांनी मिळून. तेव्हा कळलं, साइड स्टँड डांबरात चांगलं दोन बोटं आत गेलेलं. भोक बघितलं वाकून. कडा उचललेल्या, गरम गुळात चमचा खुपसून काढल्यासारख्या, आत कोणाच्या तरी बाटलीचं बिल्लं रुतलेलं. म्हणजे माझ्या आधी कोणीतरी शहाणपणा करून स्टँडखाली बिल्लं ठेवलं होतं आणि तेही गेलं.

मग सवयच लागली बघायची. आमच्या कॅम्पसच्या पार्किंगात अशी शेकडो भोकं आहेत. पांढऱ्या पट्ट्या एकीकडे आणि भोकं भलतीकडे. पट्ट्या ऑफिससमोर, उघड्यावर, सरळ रेषेत. भोकं मात्र निंबाभोवती अर्धगोल करून. गाडी कुठं लावायची ते ऑफिसनं आखलंय आणि लोक कुठं लावतात ते डांबरानं लिहून ठेवलंय.

इस्टेट सेक्शनच्या साहेबांना विचारलं तर त्यांनी चहा मागवला आणि शिकवणीच घेतली. आपल्याकडं रस्त्याला जे नेहमीचं व्हीजी ३० डांबर वापरतात त्याचा सॉफ्टनिंग पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला ते मऊ पडतं तो, कमीत कमी ४७ अंश असावा लागतो. आता मे महिन्यात आपल्याकडं हवाच ४५ च्या पुढं जाते, काळ्या डांबराचा पृष्ठभाग साठला टेकतो. खडीमुळं चाकाचं वजन पेलतं, पण स्टँडचं टोक अंगठ्याएवढं, गाडीचा भार सगळा त्याच्यावर. "मग त्याहून घट्ट ते व्हीजी ४० वापरा ना", मी म्हटलं. साहेब हसले. म्हणाले सर, तुम्ही स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवा.

पण खरी चूक माझीच होती. माझी म्हणजे आबांची.

आमच्याकडं सकाळी येणारा प्रत्येक जण गाडी लावतो निंबाच्या पश्चिमेला, कारण तेव्हा सावली तिकडं असते. मी लावतो पूर्वेला, भर उन्हात. लोक हसतात, सरांचं डोकं तापलंय म्हणतात. पण दुपार कलली की सावली पूर्वेला सरकते, त्यांच्या सीटवर तवा आणि माझ्या सीटवर गारवा. मे संपता संपता तर बारा-साडेबाराला सूर्य असा नेमका डोक्यावर येतो की सावली झाडाच्या बुडाशीच गोळा होते, कोणालाच पुरत नाही. त्यानंतर मात्र माझीच. वीस वर्षं हे गणित चुकलेलं नाही, बायकोला सांगून सांगून तिचे कान किटले.

हे मला आबांनी शिकवलं, अमळनेरच्या यात्रेत. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते बोरी नदीच्या पात्रात, पात्र कोरडं ठाक, वाळू अशी की अनवाणी पाय ठेवला की माणूस नाचतच पुढं जातो. आम्ही पहाटे गावाहून गाडी जुंपून निघायचो, खाली कडबा, वर गोधडी, गोधडीवर आम्ही भावंडं. पोचायचो तेव्हा काठावरच्या झाडांच्या सावल्यांत गाड्यांची ही गर्दी. आबा तिथं जायचेच नाहीत. डोळ्यावर हात धरून एकदा सूर्याकडं, एकदा झाडाकडं बघायचे, मग चार पावलं मोजून लख्ख उन्हात गाडी उभी करायचे. आई कुरकुरायची, पोरं भाजतील म्हणायची. आबांचं एकच, "सावली येई तठे गाडी सोड, शे तठे नको." जू उतरवायचं, गाडीला टेकू द्यायचा, चाकाखाली दगड, बैलांपुढं कडबा. आम्ही तोवर गाडीच्या खाली शिरून बसायचो, तेवढीच काय ती सावली. रथ बघून, गोडीशेव घेऊन, पाळण्यात पोटात गोळा आणून परत यावं तर खरंच आमची गाडी गार सावलीत, बैल डोळे मिटून रवंथ करतायत आणि सकाळच्या शहाण्यांच्या गाड्या उन्हात. फडक्यात कळण्याची भाकर, ठेचा, कांदा. आबा कोणाला काही बोलायचे नाहीत, पण भाकर मोडताना त्या उन्हातल्या गाड्यांकडं एक नजर टाकायचे. तेवढी एक नजर मीही टाकतो, दुपारी स्टाफरूमच्या खिडकीतून, चहा पिताना. कबूल आहे.

फरक एवढाच की वाळू वितळत नाही. परवा सावली बरोबर वेळेवर आली होती, गाडीवरच आली होती, फक्त गाडी आडवी होती.

पलीकडच्या अर्ध्या पार्किंगात पेव्हर ब्लॉक आहेत, तिथं हा त्रास नाही. तिथं दुसरा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर नीट मुरूम दाबून भरला नाही की ८० एमएमचा ब्लॉक असला तरी करणार काय, बसतो खाली. मग खालून वायर टाकायला दहा ब्लॉक उचलतात आणि परत लावताना आठच बसतात, उरलेले दोन कुठं जातात देव जाणे. एक आमच्या मामाच्या खुर्चीच्या मोडक्या पायाखाली आहे, हे मला माहीत आहे. फटींतून मुंग्या वाळू बाहेर काढतात, मग हरळी, मग गाजरगवत. जूनमध्ये निंबोळ्यांचा सडा पडतो, चाकाखाली चिरडून असा चिकट चिखल होतो की पोरं पहिल्या पावसात धपाधप घसरतात. मामा खराटा घेऊन रोज झाडतो आणि रोज निंबाला शिव्या देतो. बसतो मात्र त्याच्याच खाली.

तर सांगायचं होतं वेगळंच. काल बघतो तर पार्किंगात धावपळ. कॉलेजचा दर्जा तपासायला नॅकची टीम यायची आहे, मग काय, कॅम्पसवर दिवाळी. कुंड्या आल्या, पायऱ्यांना गेरू लागला, ‘दिव्यांगांसाठी राखीव’ची पाटी कपाटातून निघाली आणि पुसून लावली गेली. ती पाटी कपाटात का होती हे विचारायचं नाही. दोन पोरं दोरी आणि चुन्याची पिशवी घेऊन आखत होती, मागून एक जण ब्रशनं पांढरा रंग ओढत होता. दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर, अगदी मापात. आणि या वेळी कोणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही, पण पट्ट्या निंबाखालीही. म्हटलं चला, भोकं वाचली कोणीतरी.

तासाभरानं परत आलो. सगळ्यांनी गाड्या काढल्या होत्या, माझीच तेवढी उभी, पूर्वेला, फरशीच्या तुकड्यावर. मी वर्गात, फोन सायलेंटवर. रंगवणाऱ्या पोरानं बिचाऱ्यानं वाट बघितली असेल थोडी. मग रेघ ओढत माझ्या मागच्या चाकापर्यंत आला, तिथं ब्रश उचलला, गाडीला वळसा घातला आणि पुढच्या चाकापासून परत सुरू केली. मी गाडी काढली तर लांबलचक पांढऱ्या रेघेत मधेच माझ्या गाडीएवढी काळी फट, आणि तिच्यात परवाचं ते भोक.

मी ओशाळलो. मामाला म्हटलं, त्या पोराला बोलवा, एवढं रंगवून घ्या.

"तो गया सर. रंगभी सरना." मामानं फटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काय करतस, टीम येई त्या दिन तुमनी गाडी आठेच लावी द्या. काही दिसाव नही."

टीम सकाळी दहाला येणार आहे. म्हणजे उन्हातच.