दमट हवेत एअरब्रशने गुळगुळीत रंग : माझा अनुभव

एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनसारख्या ब्रशने, गाड्यांची छोटी मॉडेल रंगवताना मला सगळ्यात जास्त छळलं ते ऑरेंज पीलने, म्हणजे संत्र्याच्या सालीसारख्या खडबडीत दिसणाऱ्या रंगाने. समोरून रंग छान दिसतो, पण बॉडी दिव्याखाली तिरकी धरली की बारीक दाणे दिसतात. टामिया या मॉडेल-किट कंपनीची 1/24 स्केलची निसान स्कायलाइन जीटी-आर आर34 ही गाडी निळ्या मेटॅलिकमध्ये करायला घेतली तेव्हाच ठरवलं, या वेळी टपावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसलंच पाहिजे.

दाणे का येतात हे कळलं आणि अर्धं काम झालं. रंगाचा थेंब हवेतच अर्धवट सुकतो, मग बॉडीवर बसल्यावर पसरत नाही. म्हणजे थेंब ओला पोचायला हवा आणि पोचल्यावर त्याला पसरायला सवड मिळायला हवी. बाकीची सगळी खटपट यासाठीच.

बॉडी भांड्यांच्या साबणाने धुतली, साच्याच्या रेघा वॉटर पेपरने काढल्या, मिस्टर सर्फेसर 1500 हा प्रायमर मारून तोही 2000 नंबरच्या वॉटर पेपरने हलकेच घासला. रंग लॅकरचा. एक भाग रंगाला दोन भाग मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर. या थिनरमध्ये रिटार्डर असतो, त्यामुळे रंग सावकाश सुकतो. कपाच्या कडेवरून मिश्रण दुधासारखं ओघळलं की समजायचं, जमलं. नोझल 0.3 मिलिमीटरचं, दाब 15 ते 18 पीएसआय, अंतर पाच-सहा सेंटिमीटर. हात लांब गेला की रंग कोरडा पडतो.

मेटॅलिकचं मात्र उलटं. तो ओला मारला तर चमकीचे कण तरंगत एका जागी गोळा होतात आणि डाग पडतात. म्हणून निळा रंग हलक्या हातांनी चढवला आणि ओला हात क्लिअरसाठी, म्हणजे वरच्या पारदर्शक चमकदार थरासाठी, राखून ठेवला.

क्लिअरचे आधी दोन हलके हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. मग खरा ओला हात. इथे नजर बॉडीवर नाही, तिच्यात दिसणाऱ्या ट्यूबलाइटवर ठेवायची. आधी ती रेघ फाटकी दिसते, ब्रश पुढे सरकतो तशी मागे जुळत येते, आणि ज्या क्षणी ती अखंड होते त्याच क्षणी हात पुढे न्यायचा. जरा रेंगाळलात की दाराच्या खालच्या कडेला ओघळ आलाच. हे मी आधी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर भरपूर घोटवलं होतं.

मुंबईत आणखी एक शत्रू म्हणजे दमट हवा. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि क्लिअर पांढुरका पडतो. त्यामुळे पावसाळ्यात मी चमकदार रंगाला हात लावत नाही. प्रायमर, इंजिन, इंटिरियर उरकून घेतो. कॉम्प्रेसरला हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप तर बाराही महिने हवा. आणि लॅकरच्या वाफा बाहेर फेकणारा बूथ आणि ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला मास्क यांत तडजोड नको. साधा कापडी मास्क इथे काही कामाचा नाही.

क्लिअर आठवडाभर डब्याखाली झाकून ठेवला. मग पाणी लावून 3000 नंबर, त्यानंतर टामियाची कोर्स, फाइन आणि फिनिश ही पॉलिशची कंपाउंडं क्रमाने. बोनेटच्या आणि चाकांवरच्या कडांवर रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो, तिथे घासलं की खालचा प्रायमर लगेच डोकावतो. तिथे मी मास्किंग टेपची बारीक पट्टी लावून ठेवली आणि ती काढली थेट फिनिश कंपाउंडच्या वेळी.