मग त्या सांगतात तरी काय?

मावशी विचारतात, ऑफिसात विचारतात, परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही विचारलं: "एवढे पैसे मोजून समुपदेशनाला जातेस, मग आईला देखभाल केंद्रात ठेवायचं की नाही हे तुझ्या समुपदेशक मॅडम सांगत का नाहीत?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

मी मागितलाय सल्ला, अगदी तोंड उघडून. आईचा स्मृतिभ्रंश, दादाचं "तू ठरव, मी पैसे पाठवतो", हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. आदल्या रात्री आईने गॅस चालू ठेवला होता आणि मग मी झोपलेच नव्हते. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हटलं, "मॅडम, आज फक्त एवढंच सांगा. ठेवू की नको?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"ते कळत असतं, तर भर उन्हात रिक्षा करून इथे कशाला आले असते?"

त्या रागावल्या नाहीत, याचाच मला जास्त राग आला. मग म्हणाल्या, "समजा मी म्हटलं, ठेवा. घरी जाऊन काय कराल?"

"दादाला फोन. तज्ज्ञांनीच सांगितलंय म्हणीन."

"आणि नका ठेवू म्हटलं तर?"

"तर दुसऱ्या कुणालातरी विचारीन."

बोलून गेले आणि रडूच फुटलं. उरलेला सगळा वेळ त्यातच गेला. फी पूर्ण दिली.

आता तुम्ही म्हणाल, बघ, उत्तर तुझ्याकडेच होतं. अजिबात नाही. ते त्या रात्रीचं उत्तर होतं. त्याच आठवड्यात आईने मला नावाने हाक मारली, वेणी घालू का म्हणाली. तेव्हा कुणी विचारलं असतं, तर केंद्राचं नावही काढू दिलं नसतं. यातलं कुठलं खरं धरायचं?

मला सल्ल्यापेक्षा जामीनदार हवा होता, हे मान्य. उद्या आई तिथे खंगली, तर बोट दाखवायला कुणीतरी. पण तसं वाटणं इतकं वाईट आहे का? रागाच्या भरात वाचत सुटले. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली मांडलं, की सल्ला न देता माणसाला त्याचा मार्ग शोधू द्यावा. आणि आपले जसवंतसिंग नेकी, स्वतः मनोविकारतज्ज्ञ, १९७३ साली लिहून गेलेत की उपचारात गुरू-चेल्याचं नातंही चालू शकेल. हे मी मॅडमना मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. त्या हसल्या. "गुरूचं पटलं नाही, तर तुम्ही दुसरा गुरू गाठणार. तुम्हीच म्हणालात."

आणि त्या काहीच सांगत नाहीत, हेही खोटं. आई पहाटे दार उघडून रस्त्यावर गेली, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं: दाराला वर कडी लावा, आईच्या गळ्यात नाव-पत्ता-फोन घाला, रात्रीला बाई ठेवा. मी तिथेच पकडलं, "हे सांगता येतं, मग ते का नाही?" म्हणाल्या, "हा त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. तो निर्णय घेऊन पुढे तुम्हाला राहायचंय." अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी दर वेळी भांडते.

केंद्राचा फॉर्म अजून कपाटात आहे, माझ्या सहीशिवाय. मावशी, तुमचं मत मला पाठ आहे. रात्री आईपाशी झोपायला कधी येता, ते कळवा.