बाळंतीण हॅमस्टर

आमच्या पुण्यातील दवाखान्यात कुत्र्या-मांजरांच्या मानाने हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखे छोटे पाळीव प्राणी, फार थोडे येतात, आणि त्यांतही नर म्हणून विकलेली मादी निघण्याचे प्रकार कमी नाहीत. 'शेरू' त्यांपैकीच एक. पोट वाढले आहे, गाठ तर नाही ना, अशी शंका घेऊन एका सहावीतल्या मुलाचे वडील तिला घेऊन आले होते. सीरियन जातीच्या प्रौढ नराचे वृषण सहज नजरेत भरतात. येथे त्यांचा पत्ता नव्हता आणि पोटावर दोन्ही बाजूंना स्तनाग्रे मात्र स्पष्ट दिसत होती. या जातीचा गर्भकाळ जेमतेम 16 दिवसांचा असल्यामुळे तयारीला फारसा अवधी नव्हता. चाक काढून ठेवा, घरट्यासाठी बिनवासाच्या टिश्यू कागदाच्या पट्ट्या भरपूर द्या, कापूस घालू नका आणि प्रसूतीनंतर दहा दिवस तरी घरट्याला हात लावू नका, असे मी लिहून दिले. आहारात उकडलेले अंडे सुचवले होते. त्या घरात अंडे येत नसल्याने पनीरच्या चुऱ्यावर तडजोड झाली.

त्या पनीरनेच पुढचे रामायण घडवले. पिल्ले चार दिवसांची असताना चुऱ्याला मुंग्या लागल्या. घाबरलेल्या वडिलांनी पिंजरा उचलून बाल्कनीत नेला आणि तळाचा भुसा बदलायला घेतला. मिनिटभराने पाहतात तो घरटे रिकामे. सकाळी दवाखान्याचे दार उघडते न उघडते तोच पिंजरा, वडील, रडून डोळे सुजलेला मुलगा आणि मागोमाग आजी, असे सगळे घर समोर उभे राहिले.

"मॅडम, हिने सगळी पिल्लं खाल्ली हो," वडील म्हणाले.

"मी सांगत होते, बाळंतिणीला हलवू नका म्हणून. ऐकतंय कोण!" आजींनी तिथेच सुनावले.

आजींचे निदान माझ्या निदानापेक्षा वेगळे नव्हते. हॅमस्टरची आई बिथरली तर पिल्लांना मारते आणि खाते, हे खरेच आहे. आज घरोघरी पाळल्या जाणाऱ्या सीरियन हॅमस्टरांची वंशावळ ज्या कुटुंबापाशी पोहोचते, ते 1930 साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातील अलेप्पोजवळ जमीन खणून बाहेर काढले होते. पकडल्यानंतर त्या आईने एक पिल्लू तिथेच मारले होते. परंतु शेरूच्या पिंजऱ्यात रक्ताचा डाग नव्हता, आणि तिचे तोंड मात्र खांद्यांपर्यंत विचित्र फुगलेले होते. हॅमस्टरच्या गालांतील पिशव्या थेट खांद्यांच्या मागेपर्यंत जातात. एरवी त्यांत दाणे साठवले जातात. संकट वाटले की आई पिल्लेही त्यांतूनच हलवते.

अशा वेळी तोंड उघडून पिल्ले काढण्याचा मोह होतो. तो आवरणे, हाच उपचार. मी पिंजरा मागच्या खोलीत ठेवला, दिवा मालवला, वर चादर टाकली आणि कुत्र्यांना बाहेरच थांबवायला सांगितले. चादरीच्या फटीतून जे दिसले ते मी विसरणार नाही. बराच वेळ ती नुसती हुंगत राहिली. मग कागदाच्या पट्ट्या ओढून तिने खळगा केला, पुढचे पंजे गालांच्या मागे टेकवले आणि पुढे ढकलत एकेक पिल्लू बाहेर काढले. केस नसलेले, डोळे मिटलेले, गुलाबी कातडीचे ते जीव ओले होऊन वळवळत होते. आठ बाहेर आली. सात हलत होती. आठवे गालातच गुदमरले असावे. काही वेळाने तिने ते खाऊन टाकले.

हे मुलाला सांगू नका, अशी वडिलांनी खूण केली, पण मी सांगितले. घरट्यात कुजणारे पिल्लू ठेवणे बाकीच्यांना धोक्याचे असते आणि दूध पाजणाऱ्या आईला प्रथिने लागतात, एवढे सहावीतल्या मुलाला निश्चित समजते. त्याने एकच विचारले, "तिला कळलं असेल का?" मला उत्तर देता आले नाही.

मुंग्यांचा बंदोबस्त आजींनीच केला. पूर्वी दुधाचे पातेले पाण्याच्या परातीत ठेवत, तसा पिंजरा परातीत विटांवर बसला. पुढचे सारे ठरल्या क्रमाने झाले. दुसऱ्या आठवड्यात, डोळे उघडण्यापूर्वीच पिल्ले दाणे कुरतडू लागली, म्हणून पाण्याच्या बाटलीची नळी त्यांच्या तोंडाला पोहोचेल इतकी खाली घेतली. डोळे चौदाव्या-पंधराव्या दिवशी उघडले. दूध सुटताना जुलाब होऊन शेपटीकडचा भाग ओला दिसू लागला, तर एक दिवसही थांबू नका, आणि घरातले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक तर मुळीच पाजू नका, कारण ते हॅमस्टरच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारून त्याचाच जीव घेऊ शकते, हे मी दोनदा बजावले.

चार आठवडे पूर्ण होण्याआधी नर-मादी वेगळे करणे आवश्यक असते, नाहीतर भावंडांतच पुढची वीण सुरू होते. गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतील अंतर नरात जास्त, मादीत कमी; हे एकदा दाखवल्यावर मुलाने शेवटची तीन पिल्ले स्वतः ओळखली. तीन नर, चार माद्या. ज्या दुकानातून शेरू आली, तेथे पिल्ले द्यायची नाहीत, असे त्यानेच ठरवले. मोठे झाल्यावर हे प्राणी एकटेच राहतात, जोडी ठेवली तर एकमेकांना फाडतात. त्यामुळे स्वतंत्र पिंजरा दाखवल्याशिवाय आजींनी एकही पिल्लू कोणाच्या हाती दिले नाही, आणि शेजारच्या ज्या मुलीने जोडी मागितली होती, तिला एकावरच समाधान मानावे लागले.