गुळाचं कापड, दोन ऊस आणि दहा मिनिटं

गेल्या गळीत हंगामात संध्याकाळी पन्हाळ्याहून येत होतो, केर्लीजवळ उसाच्या ट्रॉलीला घासून एक पोरगं बाईकवरनं पडलेलं. पत्रा लागून हात कोपराखाली उभा फाटलेला, रक्त भळाभळा, आणि नडगी मधेच वाकडी. माणसं गोळा झालेली, कोण म्हणतंय हळद भरा, कोण कासऱ्यानं आवळा. मी शिरोलीत फाउंड्रीत आहे, फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालंय, पण किट कंपनीत भिंतीवर आणि मी इथं रस्त्यावर.

एकाला बोट दाखवून सांगितलं, १०८ तू लाव. नाहीतर सगळे समजतात दुसऱ्यानं लावला. शेजारच्या गुऱ्हाळातले मामा ढेपेसाठी आणलेलं कोरं कापड घेऊन पळत आले. मी हातात प्लास्टिकची पिशवी चढवली, कापडाची चौघडी करून जखमेवर तळव्यानं अंगाचा भार देऊन दाबलं. इथंच लोक चुकतात, थांबलं का म्हणून सारखं उचलून बघतात, मग जमलेली गुठळी निघते आणि परत पहिल्यापासनं. कापड भिजलं तर मी त्याच्यावरच दुसरं ठेवलं, खालचं हलवलं नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं. हात भरून आले, पण सोडलं नाही.

कासरा लावू दिला नाही, बारीक दोरी मांसात रुतते. दाबून थांबलंच नसतं तर ओढणीची रुंद पट्टी जखमेच्या वर बांधून काठीनं पिळायची आणि बांधल्याची वेळ लिहायची, तेवढी तयारी ठेवलेली. गरज पडली नाही.

पायाला ट्रॉलीतलेच दोन सरळ ऊस, पाला सोलून, मांडीपासनं टाचेखालपर्यंत, मधे टॉवेल भरला. नडगी सरळ करायला गेलो नाही, आहे तशीच ठेवली, गाठी मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली. बांधून झाल्यावर पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं, लगेच परत लालसर झालं, म्हणजे रक्त पोचतंय, तेव्हा जीवात जीव आला.

पाणी मागत होतं बिचारं, दिलं नाही, ऑपरेशन लागलं तर भूल द्यायला पोट रिकामं लागतं. नुसते ओठ ओले केले, अंगावर घोंगडं टाकलं.

ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरांनी कापड न काढता वरनंच बँडेज गुंडाळलं आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेलं. गर्दीतले बरेचजण पोलिसांच्या भीतीनं हात लावत नव्हते, पण २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीपासनं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीपण सक्ती नाही.

दोन दिवसांनी मामांना कापडाचे पैसे द्यायला गेलो, घेतले नाहीत, उलट अजून एक कोरी घडी हातात दिली. ती आता गाडीच्या डिकीत असते, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.